नदीकाठचा ग्रीन झोन यलो होतोय, हरकत नोंदवायची आहे. कोण कोण येतंय?

नदीकाठकर

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर शहराच्या उत्तरेला पंचगंगा नदीकडच्या मळीत, म्हणजे काठच्या गाळाच्या शेतपट्ट्यात, काय चाललंय ते त्या बाजूनं जाणाऱ्यांनी बघितलंच असेल. ऊस तुटल्यावर खोडवं राखलं नाही, थेट मुरमाचे डंपर सुरू झाले. आता तिथं चुन्यानं रस्ते आखलेत आणि प्लॉटच्या कोपऱ्यांना दगड रोवलेत. विकास आराखड्यात हा सगळा पट्टा ग्रीन झोन, म्हणजे शेतीसाठी ठेवलेला, आहे. तो यलो, म्हणजे घरांसाठी खुला, करण्यासाठी फेरबदलाची नोटीस निघालीय, हरकती मागवल्यात आणि मुदतीतले बरेच दिवस निघूनही गेलेत. म्हणून हा धागा.

आधी एक विनंती. गट नंबर, मालकाचं नाव, बिल्डरचं नाव इथं कुणी लिहू नये. नावं आली की चर्चा माणसांवर जाते आणि जमीन बाजूला राहते.

त्या पट्ट्याला लोक मोकळी जमीन म्हणतात, ते मला पटत नाही. वर्षातला बहुतेक काळ ती शेतकऱ्याची असते आणि पावसाळ्यातले काही दिवस नदीची. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीच्या संगमावर एक होऊन शहराला येऊन भिडतं. तिथून पुढं नदीला उतार फार कमी. त्यात खाली नृसिंहवाडीला कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला फुगवटा येतो आणि पाणी पुढं सरकायचं नाव घेत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. २०१९ ला पाणी ५५ फुटांवर गेलं, २०२१ ला ५६ फुटांवर. धोक्याच्या पातळीच्याही वर बारा-तेरा फूट! एवढं पाणी पात्रात मावत नाही. ते मळीत पसरतं, तिथं थांबतं आणि वरचा जोर ओसरला की सावकाश उतरतं.

आता भरावाचा हिशेब करा. एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. त्यावर पाच फूट मुरूम टाकला की ६,००० घनमीटरहून जास्त जागा बुजली. म्हणजे ६० लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे सहाशे टँकर, आणि हे फक्त एका एकराचं. ते पाणी कुठं जाणार? जिथं सखल आहे तिथं. नदी चढली की जयंती नाला उलटा वाहायला लागतो आणि पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, लक्ष्मीपुरीकडं शिरतं. मळीत भराव पडला तर नाल्यातून आत येणाऱ्या पाण्यात त्याची भर पडणार.

म्हणून हा झोन बदलू नये अशी लेखी हरकत द्यायची आहे. कोण कोण येतंय, आणि कुणाकडं काय माहिती आहे, ते इथं लिहा.

शाडूमाती

मी येतो. आमचं घर आणि कारखाना दोन्ही शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडं.

२०१९ ला पूर ऑगस्टमध्ये आला, गणपतीच्या तोंडावर. मूर्ती रंगून तयार, काहींना नुसतं डोळ्यांचं काम राहिलेलं. आम्ही खालच्या फळ्यांवरच्या मूर्ती वरच्या फळ्यांवर चढवल्या, मग माळ्यावर, मग माळ्यालाही पाणी लागेल असं वाटल्यावर जेवढ्या हातात मावल्या तेवढ्या घेऊन बाहेर पडलो. शाडूच्या मूर्तीला पाणी लागलं की काही उरत नाही, नुसता गाळ. प्लास्टरच्याही रंग फुगून वाया गेल्या. गिऱ्हाइकांचे अॅडव्हान्स घेतलेले, माती-रंगाची उधारी डोक्यावर. ते फेडत आणतोय तोवर २०२१ चा जुलै.

बापट कॅम्पमधल्या आमच्या लोकांचीही हीच गत झाली. आता दरवर्षी जूनमध्ये काम सुरू करताना पहिला प्रश्न हाच असतो की यंदा मूर्ती किती उंचीवर मांडायच्या. मूर्तीचं काम जमिनीवर बसूनच करायचं असतं, ते दुसऱ्या मजल्यावर नेता येत नाही. भाडंही परवडत नाही.

नदीकाठकर, तुमच्या टँकरच्या हिशेबातलं मला एवढंच कळलं की तिकडं ज्याचं घर उंचावर बसणार त्याचं पाणी माझ्या कारखान्यात येणार. सही कुठं करायची तेवढं सांगा.

ऊसकरी

सगळं वाचलं. आता आमचंही ऐका.

माझी जमीन याच पट्ट्यात आहे. विकलेली नाही, पण उद्या विकावी लागली तर? तुम्ही शहरातली माणसं. तुमच्या वाडवडिलांची शेतं होती, तिथं आज कॉलन्या उभ्या आहेत. नागाळा पार्क काय, रमणमळा काय, तिथंही एकेकाळी पिकंच होती. तुमची जमीन यलो झाली, आमची ग्रीन राहिली. रस्त्याच्या अलीकडं गुंठ्याचा भाव ऐकून डोळे फिरतात आणि पलीकडं आमच्या एकराला तेवढा मिळत नाही.

पूर आला की ऊस आठ-दहा दिवस पाण्यात राहतो, शेंड्यात गाळ बसतो, पोंगा कुजतो. पंचनाम्याला माणूस येतो, मदत गुंठ्यावर मोजून मिळते, त्यात बेण्याचा खर्चही निघत नाही. पोरगा शेतीत यायला तयार नाही आणि मी त्याला दोष देत नाही. पोरीच्या लग्नाला, आईच्या आजारपणाला आम्ही काय विकायचं?

तुम्हाला पूर नको, हिरवळ पाहिजे, आणि दोन्हीची किंमत आमच्या सातबाऱ्यावर. आरक्षण असतं तर निदान टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडं बांधायचा हक्क, तरी मागता आला असता. ग्रीन झोन हे आरक्षण नाही, त्यामुळं तेही नाही. याचं उत्तर असेल तर द्या, नाहीतर हरकत कशाची घेताय?

नदीकाठकर

ऊसकरी दादा, तुमच्या पोस्टमधलं एकही वाक्य खोटं नाही. आम्ही हरकत घ्यायला निघालो ते तुमच्याशी न बोलता, हे बरोबर झालं नाही.

एक मात्र विचारतो. तिथं प्लॉट पडले तर फायदा कुणाला होतो? शेतकऱ्याकडून शेतीच्या भावानं आधीच साठेखत करून घेतलेलं असतं. झोन बदलल्यावर जो भाव चढतो तो घेणाऱ्याच्या खिशात जातो. तुमच्या शेजारच्या ज्यांनी दिली, त्यांना यलोचा भाव मिळाला का? आणि ज्यांनी दिली नाही त्यांचं काय? तुमच्या बांधाला लागून पाच फूट भराव उभा राहिला की आजवर आठ-दहा दिवसांत उतरणारं पाणी तुमच्या रानात तुंबून राहणार. भरावाचा पहिला मार शेजारच्या उसाला बसतो, कुंभार गल्लीला नंतर.

आणि त्या पट्ट्यातली वैरण. गंगावेशीत आजही म्हैस समोर पिळून दूध मिळतं. त्या म्हशींना लागणारा हिरवा चारा शहरालगत पिकला तरच गवळ्याला परवडतो. मळी गेली की तेही गेलं.

पण नुकसानभरपाईचा तुमचा मुद्दा अर्जात यायलाच पाहिजे. कसा लिहायचा ते तुम्हीच सुचवा.

पहिलंघर

मी त्याच लेआउटमध्ये प्लॉट बघून आलोय, म्हणून लिहितोय. मी आणि बायको दोघंही नोकरीला, भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. शहरात फ्लॅटचे भाव आमच्या आवाक्याबाहेर गेलेत. तिथला माणूस सांगतो, आत्ता टोकन द्या, एनए (बिगरशेती) होणारच आहे, २०१९ चं पाणी 'इथं आलंच नव्हतं'. तुम्ही सगळे विरोध करताय, पण आमच्यासारख्यांनी राहायचं कुठं?

गणितमास्तर

पहिलंघर, टोकन देण्याआधी पाच मिनिटं द्या.

पाटबंधारे खातं दोन पूररेषा आखतं. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणारा. लोक याचा अर्थ लावतात की एकदा येऊन गेला, आता २५ वर्षं निवांत. तसं नसतं. २५ वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी ४ टक्के शक्यता, आणि ती प्रत्येक जूनमध्ये नव्यानं सुरू होते. तुम्ही २० वर्षांचं कर्ज काढणार. निळ्या रेषेवरच्या घरात त्या २० वर्षांत किमान एकदा पाणी शिरण्याची शक्यता किती? दरवर्षी न येण्याची ०.९६, तिचा वीस वेळा गुणाकार केला की ०.४४. म्हणजे येण्याची शक्यता ५६ टक्के. अगदी लाल रेषेवर घर असलं तरी २० वर्षांत १८ टक्के.

आणि रेषा जुन्या पुरांच्या हिशेबावर आखलेल्या असतात. २००५ नंतरचा मोठा पूर १४ वर्षांनी आला, त्यानंतरचा दोनच वर्षांनी.

'इथं पाणी आलंच नव्हतं' असं सांगणाऱ्याला विचारा, मग पाच फूट भराव कशासाठी टाकलाय?

तुम्ही राहायचं कुठं हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर शहरानं द्यायला पाहिजे. १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हापासून हद्दवाढ रखडलेली आहे. उंचावरच्या जागा, जुन्या बंद पडलेल्या आवारांच्या जागा तशाच पडून, आणि घरं मात्र नदीत. स्वस्त प्लॉट तिथंच का मिळतोय, याचा विचार करा. तो स्वस्त नाही, त्याचे उरलेले पैसे तुम्ही पुराच्या वर्षी भरणार.

शिरोलीफाटा

थोडा वेगळा सूर लावतो. पुराचं खरं कारण कृष्णेवरचं अलमट्टी धरण आणि हायवे. कर्नाटकाला अलमट्टीची उंची ५१९ मीटरवरून ५२४ वर न्यायची आहे, त्यावर बोला. पुणे-बेंगळुरू रस्त्याचा शिरोलीजवळचा भराव पाणी अडवतो, त्यावर बोला. एका लेआउटनं पंचगंगेची पातळी इंचभर तरी वाढणार आहे का? उगाच छोट्या माणसाच्या मागं लागायचं.

नदीकाठकर

अलमट्टीवर बोलायलाच पाहिजे, हायवेच्या भरावावरही. २०१९ ला तोच रस्ता कित्येक दिवस बंद होता आणि शहराला गॅस, पेट्रोल मिळेना. त्या भरावाखाली जादा मोऱ्या किंवा पूल पाहिजेत या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

पण बघा, हायवेच्या भरावानं पाणी अडतं हे तुम्हाला मान्य आहे. मग मळीतल्या भरावानं अडत नाही असं कसं म्हणता? एका लेआउटनं इंचभर वाढणार नाही, कबूल. मात्र एकाला झोन बदलून दिला की शेजारचा तोच आदेश घेऊन उभा राहतो, आणि त्याला नाही म्हणायला आधार उरत नाही. २०१९ च्या पुरानंतर शासनानं वडनेरे समिती नेमली होती, तिनंही पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलंय. अलमट्टीचा निर्णय दिल्ली-बेंगळुरूत होणार. हा आपल्या गावात होणार आहे आणि त्याची मुदत अजून संपलेली नाही.

जुनीपेठ

माझं वय सत्तरीच्या पुढं. या शहरात तळी किती होती ते आमच्या आजीकडून ऐकलंय. वरुणतीर्थ बुजवलं, तिथं आज गांधी मैदान आहे. कपिलतीर्थाच्या जागी मंडई. रावणेश्वराचं तळं होतं तिथं शाहू स्टेडियम. पावसाळ्यात गांधी मैदानात जाऊन बघा, पाणी साठलेलं दिसेल. पोरं खेळायची बंद होतात. इतकी वर्षं उलटली तरी पाण्यानं ती जागा सोडलेली नाही.

तळी बुजवली तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. तुम्हाला नोटीस काढून विचारलंय, तर उत्तर द्या.

२०१९ ला घराभोवती पाणीच पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी अवस्था होती. शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रं बुडाली होती. माझ्यासारखी म्हातारी माणसं कळशी घेऊन टँकरच्या रांगेत उभी होती. ते दिवस परत नकोत.

मला चालवत नाही फार, पण मुलाबरोबर सही पाठवते.

कलमवाचक

वकिली करते, नियोजन कायद्याची थोडी माहिती आहे. कामाचं तेवढं लिहिते.

मंजूर विकास आराखड्यात फेरबदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७ लागतं. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस, हरकतींसाठी एक महिना, हरकत घेणाऱ्यांना सुनावणी, मग प्रस्ताव शासनाकडं मंजुरीला. शहरालगतच्या गावांसाठी नेमलेल्या प्राधिकरणातल्या ४२ गावांपैकी एखाद्या गावात जमीन असेल आणि तिथं प्रादेशिक योजना लागू असेल तर कलम २०. नोटिशीत कोणतं कलम आहे ते पहिल्यांदा बघा आणि तेच अर्जावर लिहा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'आमचा विरोध आहे' एवढं लिहून शंभर जणांच्या सह्या. सुनावणीत त्याला एका ओळीत उत्तर मिळतं. त्याऐवजी प्रत्येकानं आपल्या घराचा पत्ता, २०१९ आणि २०२१ ला घरात किती फूट पाणी होतं, किती दिवस होतं, पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा फोटो असं जोडावं. शाडूमाती, तुमच्याकडचे पंचनामे फार मोलाचे आहेत. माझ्या शंभर कलमांपेक्षा त्यांचं वजन जास्त पडेल.

दुसरं, बांधकाम नियमावली. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बाग, मैदान असे मोकळे वापरच चालतात, नवी घरं नाहीत. निळी आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी मिळू शकते आणि त्यात जोतं लाल रेषेच्या वर ठेवण्याची अट येते. भरावाचं मूळ तिथं आहे. घर उंच करायला जमीनच उंच केली जाते. म्हणून अर्जात स्पष्ट मागा की प्रस्तावित क्षेत्र पूररेषेच्या नकाशावर टाकून दाखवा, आणि भरावामुळं शेजारच्या क्षेत्रात पाणी किती वाढेल याचा अभ्यास झाला असेल तर तो द्या. माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस लागतात, हरकतीची मुदतही महिन्याचीच. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या आणि हरकतीत लिहा की कागद मिळाल्यावर जादा म्हणणं मांडण्याचा हक्क राखून ठेवत आहे.

निकालांपैकी दोनच सांगते. १९९१ ला बंगळूरच्या एका प्रकरणात बागेसाठी ठेवलेली जागा खासगी रुग्णालयाला दिलेली होती, ते वाटप उच्च न्यायालयानं रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला आणि आसपासच्या रहिवाशांना दाद मागता येते हेही सांगितलं. १९९६ ला एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या प्रकरणात बियास नदीच्या काठावरचं हॉटेल होतं. नदीसारख्या गोष्टी शासन जनतेचं विश्वस्त म्हणून सांभाळतं, त्या खासगी फायद्यासाठी देता येत नाहीत, असं न्यायालय म्हणालं.

वेळ आलीच तर हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या गावातच बसतंय. पूर्वीसारखं रात्रीची गाडी धरून मुंबई गाठायला नको. पण कोर्टातही पहिला प्रश्न हाच येतो, मुदतीत हरकत घेतली होती का?

मुरमाचं म्हणाल तर झोन बदलायच्या आधीच भराव पडतोय ही स्वतंत्र तक्रार आहे. तिचा अर्ज तहसीलदारांकडं वेगळा द्या, फोटोवर तारीख दिसू द्या.

पहिलंघर

गणितमास्तर, ५६ टक्क्यांचा हिशेब रात्री बायकोला दाखवला. टोकन देणार नाही. तिथल्या माणसाकडं झोन दाखला आणि एनएचा आदेश मागितला, तर म्हणाला, सध्या नोटरीवर करून घेऊ, पुढं गुंठेवारीत नियमित होतं. हे खरं आहे का?

कलमवाचक

गुंठेवारीचा कायदा २००१ चा. नंतर मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी अर्ज घेतले गेले. आज पडणारा प्लॉट त्यात बसत नाही. पुढं कधी मुदत वाढेल या भरवशावर कुणी आयुष्याची पुंजी घालू नये. महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. तो नसेल तर तिथूनच परत फिरा.

ऊसकरी

दोन दिवस विचार केला. घरात बोललो, भावकीत बोललो.

साठेखताचं नदीकाठकर म्हणाले ते आमच्याकडं तसंच झालंय. ज्यांनी दिली त्यांनी शेतीच्याच भावानं दिली. आणि माझ्या बांधाला खेटून भराव येतोय, ते मी आजवर तुमच्यासारखं मोजून बघितलं नव्हतं. आमचा पाण्याचा पाट त्या भरावाखालून जातो, तोही बुजतोय.

मी हरकत देतो, पण माझी हरकत वेगळी असेल. त्यात लिहा: या पट्ट्यात पुराचं पाणी थांबतं म्हणून शहर वाचतं हे शासनाला मान्य असेल, तर ते पाणी थांबवणाऱ्या शेतकऱ्याला दरवर्षी त्याचा मोबदला द्या. पूर आला त्याच वर्षी पंचनाम्याचे चार पैसे, असं नको. उसाच्या नुकसानीला कारखान्याच्या दराचा आधार घ्या. आणि ग्रीन झोनवाल्याला टीडीआरसारखं काही मिळण्याची तरतूद करा. हे लिहिणार असाल तर आमच्या भावकीतल्या सगळ्यांच्या सह्या मी आणतो. नसाल तर मी एकटाच माझ्या बांधापुरती देतो.

नदीकाठकर

दादा, तुमच्या शब्दांत जसंच्या तसं जाईल. सामायिक अर्जात तो पहिला मुद्दा असेल.

शिरोलीफाट्याचा हायवेचा मुद्दा दुसऱ्या अर्जात घेऊ, तो रस्ते खात्याकडं जाईल. एका अर्जात सगळं कोंबलं की मूळ हरकत बाजूला पडते. शिरोलीफाटा, त्याचा मसुदा तुम्ही लिहाल का?

शिरोलीफाटा

लिहितो. आणि झोनच्या अर्जावरही माझी सही घ्या.

शाडूमाती

आमच्या गल्लीतले २०१९ चे पंचनामे गोळा केले. काहींचे २०२१ च्या पुरात भिजून गेले, त्यांच्या नकला तलाठ्याकडं मागितल्यात. भिंतीवरच्या खुणेचे फोटो टेप लावून काढलेत, फूट-इंच दिसतात.

नदीकाठकर

रविवारी सकाळी दहा वाजता, पंचगंगा घाटावर. येताना प्रत्येकानं अर्जाच्या दोन प्रती, आधार कार्डाची झेरॉक्स आणि पाण्याच्या खुणेचा फोटो आणावा. जुनीपेठ काकू, तुम्ही येऊ नका, सहीसाठी आम्ही घरी येतो. सोमवारी कार्यालय उघडल्यावर सगळे मिळून अर्ज द्यायचे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कुणी खिडकी सोडायची नाही. ज्यांना सोमवारी सुट्टी मिळत नाही त्यांनी रविवारी सही केलेला अर्ज ऊसकरी दादांकडं किंवा माझ्याकडं द्यावा.